मुलीची एक पोस्ट मी काढून टाकली

माझ्या मुलीला अमेरिकेतल्या विद्यापीठात प्रवेश मिळाल्याची बातमी आली तेव्हा मी ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर पाकिटांवर शिक्के मारत बसलो होतो. तिचा फोन आला, "पप्पा, झालं. स्कॉलरशिपसकट झालं." मी "बरं, बरं" म्हणालो आणि पुढच्या पाकिटावर शिक्का मारला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "अहो, काय झालं? डोळे का पुसताय?" तेव्हा मला कळलं की मी डोळे पुसतोय.

आम्ही भांडुपचे. मूळ गाव मालवणकडे. माझे वडील गिरणीत होते आणि गिरणी बंद पडल्यावर त्यांनी एका सोसायटीच्या गेटवर रखवाली केली. मी सरकारी नोकरीला लागलो त्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून एवढंच सांगितलं होतं, "सही कर, तारीख घाल. मत मात्र घालू नको." ते मी इमानदारीने पाळलं. ऑफिसात कर्मचाऱ्यांनी सोशल मीडियावर काय लिहू नये याचं परिपत्रक आलं तेव्हा वाचून सही करणारा पहिला मीच. बाकीचे कुरकुरत होते. माझं कुठं अकाउंटच नव्हतं.

मुलगी माझ्यावर गेली नाही. ती भूगर्भशास्त्र शिकली. जमिनीखालचं पाणी कसं वाहतं, विहिरी का आटतात, हा तिचा विषय. कॉलेजात असताना तिने आरेच्या जंगलातल्या पाड्यांवरच्या विहिरी मोजायला घेतल्या. त्यातल्या एका पाड्यावरची मुलगी तिच्याच वर्गात होती. वारली घरातली, सावळी, उंच, मोठ्याने हसणारी. दोघी रविवारी दोरी आणि टेप घेऊन विहिरी मोजत हिंडायच्या आणि संध्याकाळी आमच्याकडे येऊन चहात बुडवून पाव खायच्या. ती मैत्रीण पुढे डेंग्यूने गेली. चोविसावं लागलं होतं तिला. माझी मुलगी दोन महिने घरात कुणाशी धड बोलली नाही. परदेशी शिकायला जायचा अर्ज तिने त्यानंतर भरला.

व्हिसाचा फॉर्म आला तेव्हा आम्हाला वाटलं होतं, शाळा-कॉलेज, आई-बाप, पासपोर्ट, झालं. त्यात एका ठिकाणी विचारलं होतं की गेल्या पाच वर्षांत कुठल्या कुठल्या सोशल मीडियावर होतात, कुठल्या नावाने होतात. वर सूचना अशी की सगळी अकाउंट सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवा.

"म्हणजे आपलं सगळं ते वाचणार?" माझ्या बायकोने विचारलं.

"हो, आई."

"मराठीतलं पण?"

"मशीन भाषांतर करतं गं."

मुलीने त्याच दिवशी कुलपं काढली. तेरा-चौदा वर्षांची असल्यापासून ती लिहीत होती. तिला नोकरी होती, सकाळी आठला घर सोडायची. मग तिनेच मला सांगितलं, "पप्पा, तुम्ही वाचा ना सगळं. जिथे वाटेल हे त्यांना खटकेल, ते एका कागदावर लिहून ठेवा. आपण रविवारी बसू." घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर तिने तिचं अकाउंट उघडून दिलं, कसं खाली खाली जायचं ते दाखवलं.

मी पाच दिवस रजा टाकली. बायको धुणं वाळत घालता घालता विचारायची, "काय लिवल्यान काय?" आणि मी वाचून दाखवायचो.

खरं सांगतो, त्या पाच दिवसांत मला माझी मुलगी जेवढी कळली तेवढी पंचवीस वर्षांत कळली नव्हती. दहावीत तिला चष्मा लागला तेव्हा ती किती रडली होती ते मला तिथे कळलं. भांडुपच्या टेकडीवरच्या वस्तीत पाण्यासाठी बायका पहाटे तीनला उठतात, त्याच्यावर तिने एवढं मोठं लिहिलं होतं. कुठल्या तरी युद्धात मेलेल्या मुलांचे फोटो होते आणि खाली तिचं एकच वाक्य, "यांची नावं तरी छापा." सरकारवर होतं, आपल्या आणि परक्याही. एका मंत्र्याच्या भाषणाची टिंगल होती, ती वाचून मी एकटाच खुदकन हसलो आणि लगेच खिडकीकडे बघितलं. कुणी नव्हतं.

मी कागदावर रकाने आखले. तारीख, विषय, शेरा. सवयच ती. शेऱ्यात लिहायचो, "आक्षेपार्ह वाटू शकेल", "भाषा कडक", "विषय नाजूक". दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की परदेशातला जो कोण माणूस हे बघणार आहे, त्याचं काम मी त्याच्या आधीच करत बसलोय. त्याच्या डोळ्यांनी मुलीकडे बघतोय. तरी मी थांबलो नाही. यादी सतरा पोस्टची झाली.

आणि चौथ्या दिवशी दुपारी मला ती पोस्ट सापडली.

आरेत झाडं तोडायच्या विरोधात पोरं जमली होती तेव्हाची. ती तेव्हा एकोणीस वर्षांची. पोलिसांनी बऱ्याच जणांना गाडीत घालून ठाण्यावर नेलं होतं, त्यात ही आणि तिची ती मैत्रीण दोघी होत्या. संध्याकाळी सोडलं. घरी येऊन तिने सगळं लिहून काढलं होतं. गाडीत कोण रडलं, कुणी गाणं म्हटलं, एका बाई हवालदाराने आपल्या डब्यातली चपाती कशी दिली. शेवटी लिहिलं होतं: "सगळ्यांच्या घरून कोणी ना कोणी आलं. माझी आई आली. माझे पप्पा सरकारी नोकर आहेत, ते घरी होते."

त्यात रागाचा एक शब्द नव्हता. मी खुर्चीत मागे टेकलो.

तो दिवस मला चांगला आठवत होता. बायकोने पर्स उचलून विचारलं होतं, "येताय?" मी म्हणालो होतो, "माझं तिथे नाव लागलं तर नोकरीवर येईल. तू जा." ती चपला घालून गेली. मी टीव्ही लावून बसलो होतो, आवाज बंद करून.

त्या पोस्टखाली दोन मैत्रिणींच्या गप्पाच गप्पा होत्या. पाड्यावरच्या पोरीने लिहिलं होतं, "माझी आई गवत कापत होती, तशीच विळा घेऊन आली. गेटवरच अडवली तिला." त्यावर माझ्या मुलीचं उत्तर, त्यावर तिचं. शंभरच्या वर ओळी असतील. कोण पहिलं रडलं यावरून भांडण. पुढच्या वेळी डबा कुणी आणायचा त्याची चर्चा.

ही पोस्ट मी यादीत घेतली नाही. घेतली असती तर रविवारी तिच्यासमोर ती वाचावी लागली असती.

रविवारी आम्ही तिघं बसलो. मुलीने माझी यादी हातात घेतली, वरपासून खालपर्यंत बघितली. "बस? एवढंच?"

"एवढंच."

तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, मग एकेक पोस्ट उघडून वाचली. सतराच्या सतरा. शेवटी कागदाची घडी घातली. "पप्पा, मी यातलं काही काढत नाहीये."

"एकही नाही?"

"काय म्हणून काढू? मी कुणाला शिवी दिलेली नाही, कुणाला मारा म्हटलेलं नाही. मी विहिरींवर लिहिलंय, मेलेल्या पोरांवर लिहिलंय. हे वाचून मला नको म्हणत असतील तर नको."

"अगं, पण चान्स कशाला घ्यायचा?"

"आणि काढलं आणि त्यांना कळलं तर? मग म्हणतील, हिने लपवलं. पप्पा, ठेवलं तरी फसणार, काढलं तरी फसणार. त्यापेक्षा जे आहे ते आहे."

मी घाटकोपरच्या एका व्हिसा सल्लागाराकडेही तिला न सांगता जाऊन आलो. तो म्हणाला, "काका, कोरी पाटी दिसली की जास्त संशय." मी उठताना म्हणाला, "पण पोलीस-बिलीस, अटक असलं काही असेल ना, ते मात्र दिसायला नको." मी विचारलं, "मग नक्की काय करायचं?" त्याने खांदे उडवले. ज्याला विचारावं तो असंच सांगायचा, एका तोंडाने दोन्ही. ऑफिसातल्या एकाच्या भाच्याचं अडकलं होतं, कशावरून ते त्यालाच माहीत नव्हतं. कुणीच काही कळवत नाही, हे सगळ्यात वाईट. सरकारी माणूस आहे मी. अर्ज नाकारला तर खाली कारण लिहायचं असतं, हे मला पाठ. इथे कारणच नव्हतं. माणूस भिऊन भिऊन आपणच कारण शोधत राहतो.

मुलाखतीच्या नऊ दिवस आधी, शनिवारी सकाळी, मुलगी कामावर आणि बायको बाजारात गेलेली असताना मी कॉम्प्युटर सुरू केला. अकाउंट उघडंच होतं. खाली खाली गेलो, ती पोस्ट शोधली. कोपऱ्यात तीन टिंबं असतात, तिथे दाबलं. पोस्ट कचरापेटीत जाईल आणि तीस दिवसांनी कायमची पुसली जाईल, असं आलं. मी दाबलं. वरची पोस्ट आणि खालची पोस्ट एकमेकींना येऊन चिकटल्या, मधे काही नव्हतंच असं.

मी हे तिच्या भल्यासाठी केलं असं त्या दिवशी स्वतःला सांगितलं. पोलीस, गाडी, ठाणं, हे शब्द होते ना त्यात. पण त्यात मीही होतो.

मुलाखतीला मी तिच्यासोबत गेलो. आत फोन नेता येत नाही, म्हणून तिचा फोन माझ्या खिशात. वांद्र्याच्या संकुलात अमेरिकन वकिलातीच्या मोठ्या इमारतींच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, आमच्यासारखे पुष्कळ आईबाप उभे होते. प्रत्येकाच्या खिशात पोराचा फोन. कुणी कुणाशी फारसं बोलत नव्हतं. एक गुजराती गृहस्थ तेवढे जप करत होते.

दोन तासांनी ती बाहेर आली. हातात एक छापील कागद.

"काय झालं?"

"पासपोर्ट ठेवून घेतला. अजून तपासणी चालू आहे म्हणे, कळवतील."

"विचारलं काय?"

"पहिलं विहिरींबद्दल. तो चांगला होता, पप्पा, त्याने लक्ष देऊन ऐकलं. मग अकाउंटबद्दल. विचारलं, यातलं काही अलीकडे काढलंय का?"

"मग?"

"मी म्हटलं, एक अक्षरही नाही." ती हसली. किती दिवसांनी हसली होती. "एकदम मान वर करून सांगितलं. बरं वाटलं यार."

मी तिच्या हातात फोन दिला. "भूक लागली असेल तुला," म्हणालो. आम्ही कोपऱ्यावर सँडविच खाल्लं. ती बोलत होती आणि मी हो हो करत होतो. मी माझ्या मुलीला तिच्या नकळत खोटं बोलायला लावलं होतं, तेही काचेपलीकडच्या एका परक्या सरकारसमोर. तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही.

पुढचे बारा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. रोज वाटायचं, परत टाकावी ती पोस्ट गुपचूप. मग वाटायचं, आत्ता या घडीला तिकडे कुणीतरी तिचं पान उघडून बसलं असेल, आणि नसलेली गोष्ट अचानक आली तर? आणि नाही टाकली तर तीस दिवस भरत आलेत. कॉम्प्युटरवरून मी नुसता कपडा फिरवायचो. बायको म्हणाली, "अहो, किती पुसताय तो? झिजेल."

एकविसाव्या दिवशी मुलीला फोन आला. मैत्रिणीच्या आईचा. आम्ही जेवायला बसत होतो, फोन स्पीकरवर होता.

"बाय, माझी पोर दिसत नाय."

"म्हणजे काय, मावशी?"

"मोबाइलात. तू लिवलंय ना, खाली ती बोलते. मी विळा घेऊन आलेली, ते. रोज बघते मी. वीस दिवस झालं, शोधते, नाय दिसत, आज राहवलं नाय. मोबाइल बिघडला काय?"

ती चौथीपर्यंत शिकलेली बाई. मुलगी गेल्यावर तिचा फोन तिने जपून ठेवला होता. रोज दुपारी कामं आटोपली की तेवढी ती पोस्ट उघडून अक्षर लावत लावत वाचायची. हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

मुलीने जेवण तसंच टाकलं आणि फोनवर शोधायला लागली. वर, खाली, परत वर. चेहरा पांढरा पडत गेला. "पप्पा, नाहीये. पोस्टच नाहीये. यांनी उडवली!"

"कोणी?"

"ते वाचतायत ना सगळं, त्यांनी. नाहीतर कंपनीने. पोलीस होतं ना त्यात, म्हणून. आई, बघ, त्यांनी तिला पण उडवलं! शंभर कमेंट होत्या तिच्या." ती उभी राहिली. "मी तक्रार करणार. मेल टाकते आत्ताच. वकिलातीला, कंपनीला, सगळ्यांना."

बायको म्हणाली, "अगं, आधी शांत हो."

मी ताटात हात तसाच ठेवून ऐकत होतो. मुलगी माझ्या पापाचं खापर एका अख्ख्या देशावर फोडत होती आणि मी अजूनही गप्प बसू शकलो असतो. हा विचार माझ्या मनात आला हेही मी इथे लिहितो.

"मी काढली," मी म्हणालो.

तिला कळलंच नाही. "काय?"

"पोस्ट. मी काढली. मुलाखतीच्या आधी नऊ दिवस."

बाजूच्या घरातल्या कुकरची शिट्टी झाली. मुलगी खाली बसली.

"म्हणजे मी तिथे खोटं बोलले."

"तुला माहीत नव्हतं."

"पण खोटंच ना ते, पप्पा? तुम्ही बाहेर उभे होतात. मी तुम्हाला सांगितलं मान वर करून बोलले म्हणून. तुम्ही सँडविच खात होतात."

बायकोने ताटं उचलली.

कचरापेटीत पोस्ट अजून होती. नऊ दिवस उरले होते. मुलीने कॉम्प्युटर लावला, तिथली पोस्ट उघडली आणि बोट थांबवलं. आम्ही दोघं तिच्या मागे उभे.

बायको म्हणाली, "रवांदे गो आता. व्हिसा येऊ दे, मग टाक."

"तोपर्यंत तीस दिवस होतील, आई. मग ती कायमची जाईल. तिची आई रोज वाचते ते."

"कागदावर उतरवून दे तिला."

"आणि परत टाकली की त्यांना दिसणार, टाकली म्हणून. नाही टाकली तर मी खोटारडी. बघ ना, कुठूनही दार नाही याला." तिने माझ्याकडे बघितलं नाही. बोट दाबलं. पोस्ट जागेवर आली, खालच्या ओळींसकट. तिने मैत्रिणीच्या आईला फोन केला, "मावशी, आता बघा." पलीकडे ती एकेक अक्षर लावायला लागली. मग ती बाई म्हणाली, "हां. आली."

त्यानंतर मुलगी म्हणाली की मी वकिलातीला खरं काय ते कळवणार. मी म्हणालो, कळव, पण सोबत माझं पत्र जोड. तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मी कागद घेतला. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं नोंदवली, स्वतःच्या मनाचं एक पत्र लिहिलं नव्हतं. सुरुवात केली, "उपरोक्त विषयास अनुसरून," आणि ती नकळत हसली. "पप्पा, उपरोक्त नको." मग साधं लिहिलं: मी या मुलीचा बाप. तिने सांगितलं होतं की काही काढू नका. तिला न विचारता मी एक पोस्ट काढली. तिने तुम्हाला जे सांगितलं ते तिच्या माहितीप्रमाणे खरं होतं. आता ती पोस्ट परत जागेवर आहे, वाचावी.

"कारण काय लिहू?" तिने विचारलं. ती इंग्रजी करत होती.

"भीती, असं लिही."

तिने लिहिलं. मी म्हणालो, "दुसरं कारणही आहे. ते त्यांना नको, तुला सांगतो. ती शेवटची ओळ. मी घरी होतो, ती."

"माहितीये मला." ती पडद्याकडेच बघत होती. "तुमच्या यादीत बारीकसारीक सतरा गोष्टी होत्या आणि पोलिसांची एकमेव पोस्ट नव्हती. तेव्हाच कळलं. मी वाट बघत होते, तुम्ही बोलाल म्हणून."

मी सही केली. तारीख घातली.

त्या मेलला उत्तर आलं ते यंत्राने पाठवलेलं, तुमचा मेल मिळाला एवढंच. पुढे काही नाही. विद्यापीठात वर्ग सुरू झाले. तिथल्या प्रवेश कचेरीतल्या बाईंनी उशिरा यायची मुदत दिली, मग आणखी थोडी. मुलगी रोज सकाळी उठून अर्जाची स्थिती बघायची. तेच दोन शब्द, "तपासणी चालू". नोकरी तिने सोडली होती, त्यामुळे दिवसभर घरात. आमच्यात भांडण नव्हतं, त्यापेक्षा वाईट होतं. ती माझ्याशी नीट बोलायची, पाहुण्याशी बोलावं तसं. घर दोन खोल्यांचं. एकमेकांना टाळायलाही जागा नव्हती.

मुदतीच्या आठ दिवस आधी पासपोर्ट आला. व्हिसा होता. कुठलाही खुलासा नाही. पोस्ट वाचली की नाही, माझं पत्र वाचलं की नाही, उशीर कशाने झाला, शेवटी व्हिसा कशाने दिला, काही नाही. बायकोने देवापुढे साखर ठेवली. मुलगी पासपोर्टवरचा स्वतःचा फोटो बघत राहिली. मी म्हणालो, "बघ, खरं बोललीस म्हणून झालं." ती म्हणाली, "कशावरून, पप्पा? कदाचित कुणी काही वाचलंच नसेल."

ती गेली. विमानतळावर तिने मला मिठी मारली, घट्ट. पण बोलली फक्त आईशी.

आता दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल येतो. अभ्यास चांगला चाललाय. तिथल्या एका खेड्यातल्या विहिरींवर तिचं काम आहे, तिचे सर खूश आहेत. मी तिचं पान उघडून बघतो. ती गेल्यापासून त्यावर एक ओळही आलेली नाही. वर्गाचे फोटो नाहीत, विहिरींचे नाहीत. मैत्रिणीच्या वाढदिवसाला ती दरवर्षी काहीतरी लिहायची. या वर्षी तो दिवसही तसाच गेला.

मी धीर करून विचारलं, "लिहीत का नाहीस गं हल्ली?"

तिने मागे वळून बघितलं, खोलीत दुसरं कुणी नव्हतं तरी. "पप्पा, फोनवर नको. सुट्टीत यायचंय मला. परत इकडे येताना एअरपोर्टवर पण बघतात म्हणे. इथली पोरं काहीच लिहीत नाहीत."

"तू तर म्हणायचीस, जे आहे ते आहे."

"हो. म्हणायचे." मग तिने विचारलं, "आई कुठेय? तिला दे."

मी तिला हेच तर शिकवत होतो पंचवीस वर्षं. सही कर, तारीख घाल. तिने शिकायचं नाकारलं होतं, आणि मला मनातून त्याचा अभिमान होता हे मला ती शिकल्यावर कळलं.

मागच्या महिन्यात एका रविवारी मी बस पकडून आरेत गेलो, त्या पाड्यावर. मैत्रिणीची आई दारात वाल सोलत बसली होती. मला ओळखलं, पाणी दिलं. मी तिला सांगितलं की ती पोस्ट मीच काढली होती, मोबाइल बिघडला नव्हता. तिने सोलणं थांबवलं नाही.

"भ्यालात?"

"हो."

"माणूस भितो, दादा. मी पण विळा गेटवरच टाकलेला." थोड्या वेळाने विचारलं, "बाय काय लिवत नाय आता? मी बघते रोज."

"ती बरी आहे तिकडे. अभ्यास फार असतो."

तिने माझ्याकडे बघितलं. हे उत्तर मी घरून तयार करून नेलं होतं, हे तिला कळलं असावं. मग तिने आतून फोन आणला. तिला डोळ्यांना आता कमी दिसतं, संध्याकाळी अक्षर लागत नाही. "वाचा," म्हणाली. मी पायरीवर बसलो आणि वरपासून वाचायला लागलो. गाडी, गाणं, चपाती देणारी हवालदार. शेवटची ओळही वाचली, तशीच, मोठ्याने. मग खालच्या दोघींच्या गप्पा. तिच्या पोरीची ओळ आली की ती "हां" म्हणायची आणि पुढचा वाल उचलायची. खूप ओळी होत्या. शेवटची बस चुकू नये म्हणून मला मधेच उठावं लागलं, आणि ती म्हणाली, उरलेलं पुढच्या रविवारी.